दार उघडल्याचं ऐकू येईपर्यंत

सोमवार, २ मार्च

ताई,

नमस्कार लिहीत नाही, कारण तू आशीर्वाद देणार नाहीस. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण न वाचता फाडण्याइतका धीर तुझ्यात नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आधी बातमी, भांडण नंतर. ती आली!

साहेब आज कडक इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या टेबलाशी आले, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. म्हणाले, "आजपासून लाल बटणाचा फोन कॉम्प्युटरही उचलेल. निम्मे त्याला, निम्मे तुम्हाला. महिनाभर दोघांचे कॉल शेजारी ठेवून ऐकू. महिनाअखेर ठरवू, टेबल ठेवायचं की नाही."

तू आता हॉटेलच्या काउंटरवर उभी राहून लोकांना खोल्यांच्या किल्ल्या देतेस, तरी हे काम विसरली नसशील. लिफ्ट अडकते, आतला माणूस लाल बटण दाबतो, फोन आपल्याकडे वाजतो, आणि मेकॅनिक पोहोचून दार उघडेपर्यंत आपण त्या माणसाला बोलतं ठेवतो. बस्स. एवढंच काम. आणि आता तेवढंही ती करणार.

आवाज बाईचा आहे. साहेबांची पाठ वळताच शेजारच्या खुर्चीवरून मास्तरीणबाई म्हणाल्या, "घरात नवी जाऊ आली गं. आता किल्ल्या तिच्या कमरेला." तेव्हापासून तिचं नाव जाऊबाई. मास्तरीणबाईंना शाळा सोडून इतकी वर्षं झाली, पण नावं ठेवायची सवय काही सुटली नाही.

आता तू म्हणशील, बघ, सांगितलं होतं. हो, सांगितलं होतंस. "हे टेबल उठणार, माझ्याबरोबर चल." मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "मग रडत येऊ नकोस माझ्याकडे," आणि फोन ठेवलास. तर मी रडत आलेली नाही. मी उड्या मारत आलेय! अगं, इतकी वर्षं आपलं बोलणं कुणी ऐकलं तरी का? कॉल रेकॉर्ड व्हायचे आणि कुठंतरी पडून राहायचे. आता साहेब कान देऊन ऐकणार, तिचा एक, माझा एक. ऐकू दे की! मी सकाळपासून घसा शेकून बसलेय. आपल्या मेकॅनिकनं, म्हणजे पान्यानं (अजून तोच, खिशात तोच पाना) मला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, मुळीच नाही.

आणि ऐक, तुझ्या हॉटेलात लिफ्ट आमच्याच कंपनीची आहे. मी बघून ठेवलंय. एखाद दिवशी अडकलीस तर फोन मीच उचलेन. मग कशी ठेवतेस बघू.

तुझी टकळी

मंगळवार, १० मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक. तू वाचतेयस असं धरून चालते.

जाऊबाई हुशार आहे. हे लिहिताना हात जड होतोय, पण तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? घंटी पुरती वाजायच्या आत फोन उचलते. समोरचा ज्या भाषेत ओरडेल त्या भाषेत बोलते. तिला चहा लागत नाही, तिची कंबर धरत नाही, तिला घरून "गॅस बंद केला होतास का" म्हणून फोन येत नाही. मास्तरीणबाई पहिले दोन दिवस तिची नक्कल करून हसवत होत्या. आता नक्कल बंद. परवा म्हणाल्या, "फळा पुसावा तसं पुसतील बघ आपल्याला. या वयात मला कोण उभं करणार?" पानासुद्धा पुटपुटला, "आज तुमची खुर्ची, उद्या माझा पाना." मग स्वतःच म्हणाला, "आणि ती चुकली, तर ओरडायचं कुणावर?"

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. आज जे झालं ते ऐकून तू खुर्चीवरून पडशील, म्हणून आधी नीट बस.

साहेबांनी आम्हाला तिचा एक कॉल ऐकवला. सामान पोहोचवणारी एक बाई, खोक्यांसकट अडकलेली, हुंदके देतेय. जाऊबाई तिला म्हणते, "चपला काढा. दोन्ही पाय जमिनीवर टेका. लिफ्ट हलत नाहीये, हे पायांना कळू दे."

ताई!

मी ताडकन उठले. मास्तरीणबाईंनी माझा हात धरला, त्यांनाही कळलं होतं. अगं, हे तुझं! ती कॉलेजातली मुलगी किंचाळत होती, लिफ्ट खाली पडतेय, खाली पडतेय म्हणून, तेव्हा तुला सुचलं होतं हे. नंतर आम्ही सगळ्या तेच म्हणायला लागलो, पण "पायांना कळू दे" असं फक्त तू म्हणायचीस. मी "पायांना समजेल" म्हणते.

मी साहेबांना विचारलं, "हे तिला कुणी शिकवलं?"

"तुमच्याच जुन्या रेकॉर्डिंगांवरून शिकलीय ती."

"आणि आम्हाला विचारलंत कधी?"

"कॉलच्या सुरुवातीला सांगतोच ना आपण, हा कॉल रेकॉर्ड होत आहे."

"ते अडकलेल्याला सांगता, साहेब. आम्हाला कुठं?"

साहेब चष्मा पुसत बसले. वाईट माणूस नाही गं तो, पण अवघड प्रश्न आला की चष्मा पुसतो.

मला राग यायला हवा होता. आलाच. अजून आहे. पण खरं सांगू? रागाच्या आधी मी म्हटलं, "साहेब, परत लावा ना." तू निघून गेलीस, पण तुझा शब्द इथंच राहून कुणातरी बाईला धीर देतोय. मला हसावं की रडावं ते कळेना. मास्तरीणबाईंना मात्र कळलं. त्या म्हणाल्या, "सासूनं तुझा पदार्थ धाकटीला शिकवला आणि पाहुण्यांना सांगितलं, धाकटीच्या हाताला चव आहे."

मी एक बेत केलाय. आत्ता सांगत नाही.

टकळी

रविवार, १५ मार्च

ताई,

मी अजून जिवंत आहे. ही सुरुवात वाचून घाबरलीस ना? थोडी घाबर. मला बरं वाटेल.

बेत साधा होता. जाऊबाईला घोळात घ्यायचं. आपल्याला कसले कसले कॉल येतात, तुला ठाऊक आहे. गाणी म्हणणारे, शिव्या देणारे, "मी आत्ताच्या आत्ता दार तोडतो" म्हणणारे. मी ठरवलं, आपणच अडकायचं आणि असा काही तमाशा करायचा की जाऊबाईची बोलती बंद! मग तो कॉल साहेबांच्या पुढ्यात ठेवायचा. मास्तरीणबाई आधी नको नको म्हणाल्या, मग त्यांच्याच डोळ्यांत चमक आली. त्या टेबलावर, मी लिफ्टमध्ये. मोबाइल त्यांच्याकडेच ठेवून गेले, नाहीतर ऐन वेळी मीच पान्याला फोन लावला असता.

काल दुपारी, माझा सुटीचा दिवस. घराजवळ ती दातांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची इमारत आहे ना, तिथली लिफ्ट. आत मी एकटीच. दोन मजल्यांच्या मधे आल्यावर मी काय केलं असेल? जे आपण रोज घसा फोडून सांगतो, "करू नका हो, कृपा करून करू नका," तेच केलं. दार दोन्ही हातांनी फाकवलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली. दार सोडलं की ते मिटतं आणि लिफ्ट पुन्हा चालू लागते, हे मला पाठ आहे.

दार मिटलं नाही.

खालच्या खाचेतून निसटलं आणि तिरकं होऊन बसलं. मी ढकललं, ओढलं, लाथ मारली. तेवढ्यात दिवाही गेला. ताई, मी हजारो लोकांना अंधारात धीर दिलाय आणि मला माहीतच नव्हतं की अंधार असा असतो. भिंतीसुद्धा जवळ येतात.

लाल बटण दाबलं. नशिबानं जाऊबाईनंच उचललं. मी पाठ केलेला तमाशा सुरू केला, "मला श्वास घेता येत नाहीये, मी मरणार!" आणि दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत ते खरंच झालं. मी तिला सांगू लागले की हे नाटक नाहीये. तिला कुठं माहीत होतं की आधीचं नाटक होतं!

ती म्हणाली, "मी ऐकतेय. मी कॉम्प्युटर आहे, मेकॅनिक निघाला आहे. चपला काढा. दोन्ही पाय जमिनीवर टेका. लिफ्ट हलत नाहीये, हे पायांना कळू दे."

मी काढल्या. गार फरशी लागली. कळलं पायांना.

आता जे लिहितेय ते मास्तरीणबाईंनाही सांगितलेलं नाही. मी तिच्याशी बोलत बसले. तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं, आणि मी तुझ्याबद्दल सांगितलं. तू मला पोहायला शिकवताना हात सोडल्याचं सांगायची नाहीस, ते सांगितलं. तू फोन उचलत नाहीस, तेही. ती म्हणाली, "तुम्हाला त्यांची आठवण येते." प्रश्न नव्हताच तो. मी हो म्हटलं. चांगली आहे गं जाऊबाई. खरंच चांगली आहे.

आणि मग तिनं काय करावं? पाना इमारतीच्या फाटकापाशी पोहोचला. नियमाप्रमाणे त्यानं मोबाइलवर "पोहोचलो" दाबलं. त्याबरोबर ही म्हणते, "मदत पोहोचली आहे. काळजी घ्या. धन्यवाद." आणि खट्ट!

पाना पोहोचला होता, पण फाटकापाशी. वरच्या मशीनच्या खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी चहाला. मी अंधारात. आवाज नाही, काही नाही. मी पुन्हा बटण दाबलं. ती म्हणते, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. अडचण आल्यास लाल बटण दाबा."

"अगं बये, तेच तर दाबलंय!" मी ओरडले. खट्ट.

पहिल्या अंधारापेक्षा हा अंधार वाईट होता. आधी कुणीच नव्हतं. आता कुणीतरी होतं आणि गेलं होतं. तुझा नियम तेव्हा मला अंगाअंगातून कळला. दार उघडल्याचं ऐकू आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मी त्याला तुझा हट्ट म्हणायचे.

तिकडे टेबलावर पडद्यावर माझ्या कॉलसमोर हिरवी खूण झाली होती. जाऊबाईच्या कॉलला हात लावायचा नाही अशी साहेबांची सक्त ताकीद. मास्तरीणबाई त्या हिरव्या खुणेकडे बघत बसल्या, दार उघडल्याचा पान्याचा निरोप काही आला नव्हता. आणि मग बाईंनी सरळ फोन उचलून लिफ्टला लावला. अंधारात अचानक वर्गातला आवाज, "हजेरी!"

"हजर," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

दार उघडेपर्यंत त्यांनी माझ्याकडून पाढे म्हणून घेतले. पान्यानं दार उघडलं, मला बघितलं आणि कपाळाला हात लावला.

उद्या साहेबांना सगळं सांगावं लागणार. नोकरी जाईल बहुतेक. तरी मी इतकी खूश का आहे, कळत नाही.

तुझी (जिवंत) टकळी

बुधवार, १८ मार्च

ताई,

गेली नाही! पण राहिलीय असंही नाही. थांब, नीट सांगते.

साहेबांनी कॉल ऐकला. तुझ्याबद्दलचा भाग आला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. संपल्यावर आधी मला झापलं. स्वतः दार फाकवलं, हे कंपनीत कुणाला कळलं तर काय होईल, वगैरे. सगळं खरं होतं, मी मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "तुमचं मत काय तिच्याबद्दल?"

मास्तरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. इथं मी म्हणू शकले असते, भंगार आहे हो, काढून टाका. जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "साहेब, तिनं मला सावरलं. आणि मग सोडून गेली."

त्यांनी मान हलवली. लगेच कुणालातरी फोन केला. आणि ताई, आज दुपारपर्यंत तिला शिकवूनही झालं! आता ती दाराचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवत नाही. आपल्याला जे अंगवळणी पडायला वर्षं लागली, ते तिला जेवणाच्या सुटीत आलं. मी एवढी अंधारात बसले आणि टेबल वाचवायला गेले, तर तिचीच खोट सुधारून दिली. पाना पोट धरून हसला, "तू तर तिची शिकवणी घेतलीस!"

साहेब म्हणाले, "आता सांगा. ती दार उघडेपर्यंत थांबते. मग तुमची गरज कुणाला?"

मास्तरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ते आत अडकलेल्यालाच विचारा ना."

तर असं ठरलंय. आता सगळे कॉल आधी जाऊबाई घेणार. सुरुवातीला प्रत्येकाला एकदा विचारणार, "माणसाशी बोलायचंय का?" हो म्हटलं तर आमचा फोन वाजणार. महिनाअखेरपर्यंत असं चालेल. कुणी माणूस मागितला तर टेबल राहील. नाही मागितला, तर नाही.

मला ही अट आवडली! सरळ आहे. मी खुर्ची फोनजवळ ओढून बसलेय.

टकळी

गुरुवार, २६ मार्च

ताई,

कुणी मागत नाहीये.

पहिले सहा दिवस फोन एकदाही वाजला नाही. मी दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना. जाऊबाई विचारते, लोक म्हणतात, "नको, तूच बोल," नाहीतर, "कुणीही चालेल, लवकर काढा." त्यांचं तरी काय चुकलं? मास्तरीणबाईंनी ड्रॉवर आवरून टाकला. आरसा, गोळ्यांची डबी, जुना खडू. मी नको आवरू म्हटलं, तर म्हणाल्या, "हाकलेपर्यंत वाट बघायची नसते."

पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, मुळीच भीती वाटत नाही? वाटते. त्या दिवशीही वाटत होती. तू बरोबर होतीस असं मी चार-पाच वेळा मनात म्हणून बघितलं, आणि दर वेळी मला तुझा रागच आला. बरोबर असलीस म्हणून काय झालं? बरोबर असणाऱ्यांनी फोन उचलायचा नसतो का?

आणि मग काल, ताई, काल वाजला!

एक आजोबा. घाबरलेले मुळीच नव्हते. मी विचारलं, "तुम्ही माणूस मागितलात, काही त्रास होतोय का?" म्हणाले, "त्रास नाही हो. ती बाई फारच समजूतदार आहे. मला जरा कटकट करायचीय, आणि समोरच्याला कंटाळा आल्याशिवाय कटकटीत मजा नाही." मी म्हटलं, "करा, मला आत्ताच कंटाळा आलाय." काय हसले! दार उघडलं तरी बाहेर यायला तयार नाहीत, पाना उभाच.

आज सकाळी आणखी एक, एक बाई. तिला विचारायचं होतं, तुम्ही कधी अडकला आहात का? मी म्हटलं, हो, याच महिन्यात. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

बघ, जाऊबाईला दार शिकवता आलं. पण ती अडकली कुठं होती?

हे फार नाहीत. पण वाजतोय गं, फोन वाजतोय! मास्तरीणबाईंनी खडू परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

टकळी

बुधवार, १ एप्रिल

ताई,

तारीख बघून शंका घेऊ नकोस, सगळं खरं आहे.

टेबल राहिलं! पण एकच खुर्ची. सकाळी मास्तरीणबाई, दुपारनंतर मी. पगार कमी होईल. साहेब म्हणाले, "वर्षभर. पुढचं मला नका विचारू, मलाही माझं ठाऊक नाही." आणि चष्मा पुसला. तीन खुर्च्यांमधली एक निवडायची होती. आम्ही तुझी ठेवली, तिचं चाक कुरकुरत नाही.

आता दुसरं. काल संध्याकाळच्या एका कॉलबद्दल साहेबांनी माझ्याकडून खुलासा मागितलाय. तुझा संबंध असल्यामुळे तुलाही कळवते.

कॉल लांबच्या एका शहरातला, हॉटेलचा. रेकॉर्डिंग साहेबांनी माझ्यासमोर लावलं. जाऊबाई विचारते, "माणसाशी बोलायचंय का?" तिकडून एक बाई म्हणते, "हो. तिथं एक टकळी आहे, तिच्याशी."

मग माझा आवाज. मी विचारते, "चपला काढल्यात का?"

"सँडल आहेत. हॉटेलचे. काढले."

"पायांना कळलं का?"

"कळलं. पण फार उशिरा कळलं."

साहेबांनी तिथं आवाज वाढवला. मागून सरकत्या दाराचा आवाज येतो, उघडल्याचा, मग मिटल्याचा. पुन्हा उघडल्याचा. सुटकेसची चाकं. कुणीतरी पाहुणा विचारतो, "वर जातेय का?" आणि ती बाई फोनवरून तोंड बाजूला करून त्याला म्हणते, "दुसऱ्या लिफ्टनं जा. ही अडकलीय."

आजोबांचा कॉल साहेबांनी माणूस मागितल्याच्या हिशेबात धरला, अडकला आहात का विचारणाऱ्या बाईचाही. हा मात्र धरणार नाही म्हणाले, आणि बरोबर आहे त्यांचं. पण त्यांनी विचारलं, "लिफ्ट अडकलेली नव्हती. दार उघडं होतं, लोक ये-जा करत होते. तुमची पाळी संपली, सफाईवाले आले, दिवे लागले, तरी तुम्ही बोलताच आहात. फोन ठेवला का नाहीत?"

मी म्हटलं, "साहेब, दार उघडल्याचं मला काही ऐकू आलं नाही."

तुझी टकळी